‘व्हायरस सापडला’ अशी पाटी आली म्हणजे फॉरमॅटच?
सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत एक समज पक्का आहे: स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’ अशी पाटी आली, की फॉरमॅट मारल्याशिवाय, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकल्याशिवाय, सुटका नाही.

बहुतेक वेळा तसं नसतं. ब्राउझरमध्ये उघडलेली वेबसाइट तुमची हार्ड डिस्क स्वतःहून तपासूच शकत नाही. मग तिने व्हायरस मोजले कसे? ती निव्वळ जाहिरात. निकाल किंवा सातबारा शोधताना एखाद्या भलत्याच साइटवर ‘अलाऊ’ दाबलं जातं आणि तिला नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळतो. घाईत कुणाचंही बोट पडतं, माझंही पडलंय.

पडताळा सोपा आहे. पाटीवर बारीक अक्षरात साइटचा पत्ता असतो, तो वाचा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, तिथे ‘नोटिफिकेशन्स’. यादीतून तो पत्ता काढल्यावर पाट्या थांबल्या, तर दोष परवानगीचाच होता. नाहीच थांबल्या, तर अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आणि न मागता आलेले प्रोग्रॅम काढा, विंडोज सिक्युरिटीचं फुल स्कॅन चालवा. पाटीवरच्या नंबरला फोन मात्र करू नका.

एवढ्यानंही भागलं नाही, तरच फॉरमॅट. त्याआधी घरचे फोटो आणि हळदीच्या पेढीचा टॅली डेटा पेनड्राइव्हवर घ्या.