अमेरिकी संरक्षण खात्याचं ‘म्युरी’ अनुदान: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जातल्या अडचणी

अमेरिकेतल्या विद्यापीठांत काम करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक प्राध्यापकांना एनएसएफचा (नॅशनल सायन्स फाउंडेशन, संशोधनाला निधी देणारी अमेरिकी सरकारी संस्था) अर्ज तोंडपाठ असतो. संरक्षण खात्याकडे जाताना तोच साचा उचलला जातो आणि तिथंच गाडी अडते. एनएसएफकडे आपण आपला प्रश्न घेऊन जातो. मल्टिडिसिप्लिनरी युनिव्हर्सिटी रिसर्च इनिशिएटिव्ह, म्हणजे ‘म्युरी’मध्ये प्रश्न त्यांचा असतो आणि तो सोडवणारा संघ आपण उभा करायचा असतो.

१९८५ पासून चालू असलेली ही योजना नौदल, लष्कर आणि हवाई दल यांची संशोधन कार्यालयं मिळून राबवतात. दरवर्षीच्या जाहिरातीत प्रत्येक कार्यालय आपापले विषय देतं. विषय असाच निवडतात, की तो एका विद्याशाखेच्या आवाक्यात मावू नये. अनुदान साधारणपणे वर्षाला साडेबारा ते पंधरा लाख डॉलर, आधी तीन वर्षं आणि काम पसंत पडलं तर पुढे दोन. एका विषयाला बहुधा एकच संघ निवडला जातो, कधी दोन, कधी एकही नाही.

कोण अर्ज करू शकतं

विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदव्या देणारी अमेरिकी विद्यापीठं. अर्ज कायद्याने विद्यापीठाचा असतो, प्राध्यापकाचा नव्हे. संघात कितीही विद्यापीठं असोत, प्रस्ताव एकच जातो. एक मुख्य विद्यापीठ, एक प्रमुख संशोधक आणि बाकीचे सबअवॉर्डवर, म्हणजे मुख्य विद्यापीठाकडून मिळणाऱ्या उप-अनुदानावर. सरकारी प्रयोगशाळा किंवा कंपनीतले लोक सोबत काम करू शकतात, पण त्यांनी आपला खर्च आपण भागवायचा असंच साधारणपणे गृहीत धरलेलं असतं. भारतातल्या संस्थेतल्या मित्राला या पैशातून वाटा देण्याचा विचार सुरुवातीलाच बाजूला ठेवावा.

व्हिसावर असलेल्यांचा नेहमीचा प्रश्न: नागरिकत्व लागतं का? हे मूलभूत संशोधन आहे, निकाल खुलेपणाने छापता येतात, त्यामुळे एफ-१ वरचा विद्यार्थी किंवा एच-१बी वरचा पोस्टडॉक यावर काम करू शकतो. अडचण येते ती लष्करी तळावरच्या प्रयोगशाळेत बैठकीला जाताना. परदेशी नागरिकांची परवानगी आधीपासून काढावी लागते. ऐनवेळी नाव कळवलं, तर विद्यार्थी फाटकाबाहेरच राहतो.

आधी विषय, मग माणसं

जाहिरातीत प्रत्येक विषयाखाली त्या विषयाच्या अधिकाऱ्याचं नाव असतं. विषय बहुतेकदा त्याच व्यक्तीने सुचवलेला असतो. संघ जमवण्याआधी तिला एका परिच्छेदाचा ईमेल पाठवा आणि फोनवर वेळ मागा. ‘आमचं काम तुम्हाला आवडेल का’ असं विचारू नका, कारण त्यावर गुळमुळीत उत्तरच मिळतं. ‘विषयातल्या दुसऱ्या मुद्द्यात तुम्हाला सिद्धान्त हवा आहे की मोजमाप’ असं नेमकं विचारलं की बोलणं पुढे सरकतं. प्रश्न विचारण्याची शेवटची तारीख जाहिरातीत दिलेली असते, ती पाहून ठेवा.

त्यानंतर व्हाइट पेपर, म्हणजे पूर्ण प्रस्तावाआधी पाठवायचा छोटा आराखडा. तो सक्तीचा नसतो, पण पाठवावाच. अलीकडच्या जाहिरातींत त्याला चार पानं असतात, मुखपृष्ठ आणि सीव्ही वेगळे. त्यात प्रश्न, पद्धत, संरक्षण खात्याला होणारा उपयोग, संघ आणि अंदाजे खर्च एवढं बसवायचं. ‘पूर्ण प्रस्ताव पाठवायला आम्ही उत्तेजन देत नाही’ असं उत्तर आलं, तरी नियमाने पाठवता येतो. आमच्या मते तेव्हा थांबलेलं बरं. पंचवीस पानांच्या प्रस्तावात चार विद्यापीठांचे दोन महिने जातात.

गोधडी कशी ओळखू येते

सर्वाधिक प्रस्ताव इथं पडतात. तीन विभागांनी तीन तुकडे लिहायचे आणि प्रमुख संशोधकाने ते शिवायचे. परीक्षकाला टाके लगेच दिसतात.

समजा, विषय जहाजाच्या बुडावर साचणाऱ्या जैविक थराचा आहे. संघात सागरी जीवशास्त्रज्ञ, पॉलिमरवाली रसायनतज्ज्ञ आणि द्रवगतिकी पाहणारा अभियंता. कच्च्या प्रस्तावात जीवशास्त्रज्ञ जिवाणू ओळखतो, रसायनतज्ज्ञ लेप बनवते आणि अभियंता घर्षणाचं गणित मांडतो. तिघांचं काम चोख, पण एकमेकांवाचून कुणाचंच अडत नाही. चांगल्या प्रस्तावात अभियंता लिहितो, की माझ्या गणिताला थराची लवचिकता हवी, तीही वाहत्या पाण्याच्या ताणाखाली मोजलेली. ती कोण मोजणार, कोणत्या उपकरणावर, कितव्या महिन्यापर्यंत, आणि आकडा अपेक्षेबाहेर आला तर रसायनतज्ज्ञ लेपातलं काय बदलणार, हे वेळापत्रकात दिसतं. साधी परीक्षा अशी: एका सदस्याचा भाग झाकून बाकीचा मजकूर वाचा. काहीच अडलं नाही, तर तो सदस्य शोभेचा आहे.

मूल्यमापनात वैज्ञानिक गुणवत्ता आणि संरक्षण खात्याच्या कामाशी असलेला संबंध या दोन बाबींना सर्वाधिक वजन असतं. त्यानंतर विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण, संघाची पात्रता, सोयीसुविधा, खात्याच्या प्रयोगशाळांशी देवाणघेवाण आणि खर्चाचा वाजवीपणा. शस्त्राचा उल्लेख केला की संबंध सिद्ध झाला, असं काही नसतं. कोणतं मूलभूत कोडं सुटलं तर खात्याला काय नव्याने शक्य होईल, ते दोन-तीन परिच्छेदांत सांगितलेलं पुरतं.

कागदपत्रं

तांत्रिक मजकूर, कामाचं विवरण, वेळापत्रक, व्यवस्थापन योजना, अंदाजपत्रक आणि त्याचं समर्थन, सीव्ही, विदा-व्यवस्थापन योजना, आणि प्रत्येक प्रमुख सदस्याच्या चालू व प्रलंबित अनुदानांची यादी. या यादीकडे शेवटच्या रात्री लक्ष जातं, पण खरा धोका तिथंच आहे. पगार मिळो न मिळो, परदेशातलं प्रत्येक पद लिहायचं. पुण्या-मुंबईतल्या संस्थेत मानद प्राध्यापकी असेल, वज्र योजनेखाली (परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावणारी भारत सरकारची योजना) दरवर्षी येणं-जाणं असेल, तर तेही. भारत ‘चिंताजनक देशां’च्या यादीत नाही, त्यामुळे तशा पदामुळे सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते लपवल्याने. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नाव आहे आणि यादीत नाही, ही विसंगती तपासणीत चटकन सापडते. जून २०२३ च्या धोरणानुसार निवड होण्याआधी परदेशी प्रतिभा-योजना (परदेशी सरकारांच्या संशोधक-भरतीच्या योजना), निधीचे स्रोत, पेटंट आणि निर्बंधित संस्थांशी संबंध या चार अंगांनी ही तपासणी होते.

अंदाजपत्रकात ठरलेली चूक ओव्हरहेडची, म्हणजे प्रशासन आणि सोयीसुविधांसाठी विद्यापीठ अनुदानावर लावतं त्या टक्केवारीची. सबअवॉर्डच्या पूर्ण रकमेवर मुख्य विद्यापीठ ओव्हरहेड लावत नाही. नव्या नियमांनुसार प्रत्येक सबअवॉर्डच्या पहिल्या ५०,००० डॉलरवरच तो लागतो. विद्यापीठाचा सरकारशी झालेला ओव्हरहेडचा दरकरार जुना असेल, तर ही मर्यादा २५,००० असू शकते. तीही संपूर्ण कालावधीत एकदाच, दरवर्षी नव्हे. विद्यार्थ्यांचं विद्यापीठ शुल्क आणि मोठी उपकरणं त्या हिशेबातून वगळायची. वर्षाचे पंधरा लाख ऐकायला भरघोस वाटतात. समजा ५५ टक्के ओव्हरहेड सगळ्यावर लागला, तर हातात पावणेदहा लाखांच्या आत उरतात. सहा जणांत वाटले की प्रत्येकी सुमारे एक लाख साठ हजार. म्हणजे एक पोस्टडॉक, एक विद्यार्थी आणि थोडं साहित्य. संघात आठवा-नववा माणूस घेण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

पाठवण्याचा आठवडा

मुख्य विद्यापीठाची सॅमवरची (सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांची अमेरिकी सरकारी नोंदवही) नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. ती संपलेली असेल तर अर्ज स्वीकारलाच जात नाही, म्हणून विद्यापीठाच्या अनुदानांचं काम पाहणाऱ्या स्पॉन्सर्ड रिसर्च ऑफिसला महिनाभर आधी विचारा. भागीदार विद्यापीठांकडून सहीचं संमतीपत्र, कामाचं विवरण आणि अंदाजपत्रक दोन आठवडे आधी मागवा. त्यांच्याही आतल्या मुदती असतात.

सबअवॉर्डच्या अंदाजपत्रकाचा फॉर्म भरता येणाऱ्या मूळ पीडीएफमध्येच जोडायचा. कुणीतरी तो ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून पाठवतं, दिसायला अगदी तसाच दिसतो, पण ग्रँट्सडॉटगव्हला, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या सरकारी संकेतस्थळाला, त्यातले आकडे वाचता येत नाहीत. जोडलेल्या फायलींची नावं ५० अक्षरांच्या आत आणि चिन्हांशिवाय ठेवा.

अर्ज पाठवल्यावर आलेली पहिली ईमेल फक्त पोच असते. त्यानंतर दोन कामाच्या दिवसांत ‘वैध’ किंवा ‘नाकारला’ अशी दुसरी येते. नाकारला गेला तर दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, पण मुदतीच्या आत. म्हणून मुदत शुक्रवारी असेल, तर मंगळवारीच पाठवून मोकळं व्हा, आणि दुसरी ईमेल येईपर्यंत ऑफिसातल्या ज्या व्यक्तीने अर्ज पाठवला तिची रजा मंजूर झालेली नाही ना, तेवढं पाहा.