रोटरी क्लब : फेलोशिप आणि सेवा

वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांनी नेमाने एकत्र जमायचे, एकमेकांना नीट ओळखायचे आणि त्या ओळखीच्या बळावर गावासाठी काही काम उभे करायचे, या कल्पनेवर चालणारी संस्था म्हणजे सेवा क्लब. अशा क्लबांत रोटरी सर्वांत जुनी. आज दोनशेहून अधिक देशांत व प्रदेशांत तिचे ३५ हजारांहून अधिक क्लब आहेत आणि सदस्यसंख्या सुमारे १२ लाख आहे. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावात शिरतानाही स्वागतफलकावर रोटरीचे दातेरी चाक दिसते.

'फेलोशिप' हा शब्द मराठी रोटेरियनांच्या तोंडी दोन अर्थांनी असतो. निमंत्रणाच्या शेवटी 'कार्यक्रमानंतर फेलोशिप' असे छापलेले असले की त्याचा सरळ अर्थ जेवण. दुसरा अर्थ स्नेह, एकमेकांचे सुखदुःख ठाऊक असणे. ही नोंद मुख्यतः दुसऱ्या अर्थाची आहे. पण ताट हातात घेऊन उभ्या उभ्या झालेल्या गप्पांशिवाय तो दुसरा अर्थही फार दिवस टिकत नाही, हे क्लबात वर्षभर काढलेल्या कोणालाही पटेल.

आधी मैत्री, मग सेवा

रोटरीची सुरुवात सेवेच्या हेतूने झाली नव्हती. ती एकटेपणातून झाली. संस्थापक पॉल हॅरिस यांचा जन्म १८६८ चा. व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड या लहान गावात ते आजी-आजोबांकडे वाढले, आयोवा विद्यापीठातून १८९१ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि पुढची पाच वर्षे मिळेल ते काम करत फिरले. १८९६ मध्ये त्यांनी शिकागोत वकिली सुरू केली. कामापुरती माणसे भेटत. रविवार खायला उठे. १९०० सालच्या एका संध्याकाळी एका वकील मित्राबरोबर उपनगरात फिरताना त्यांनी पाहिले, की तो वाटेतल्या एकेका दुकानदाराशी थांबून नावानिशी बोलतो. आपल्या गावातली ही रीत एवढ्या मोठ्या शहरात आणता येईल का, हा विचार त्यांच्या मनात पाच वर्षे राहिला.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमध्ये खोली क्रमांक ७११ मध्ये चार जण जमले. हॅरिस वकील, गस्टॅव्हस लोअर खाण अभियंता, सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी आणि हायरम शोरी शिंपीकामाच्या व्यवसायातले. बैठक पाळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत घ्यायची असे ठरले. या फिरत्या पाळीवरूनच 'रोटरी' हे नाव पडले. छपाईचा व्यवसाय असलेले हॅरी रगल्स पाठोपाठ आले आणि त्यांनी बैठकीत समूहगान सुरू केले. एका व्यवसायाचा एकच सदस्य, हा नियमही तेव्हाचाच. त्यामागे आपापसांत धंदा वाढवण्याचा हिशेब होता, आणि सुरुवातीच्या सदस्यांनी तो लपवला नाही.

एकमेकांच्या धंद्यापुरती मैत्री लवकरच अपुरी वाटू लागली. १९०७ मध्ये क्लबने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधण्याचा आग्रह धरला. विरोध झाला तो दारू गाळणाऱ्यांचा आणि मोठ्या दुकानांचा, कारण पुरुषांना गुत्त्यात आणि स्त्रियांना दुकानात जाण्यावाचून सोय नव्हती आणि आत गेलेले गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच बाहेर पडे. शहरातल्या इतर संस्थांना बरोबर घेऊन रेटा लावल्यावर १९०९ मध्ये हे काम पुरे झाले. रोटरीची पहिली सेवा ही अशी अगदी साध्या, पण अडलेल्या गरजेची होती. महाराष्ट्रातल्या अनेक बाजारपेठांत आजही बायकांची हीच अडचण आहे, म्हणून हा प्रसंग इथल्या क्लबांनी विसरू नये असा आहे.

१९१० मध्ये अमेरिकेतल्या क्लबांचा संघ झाला, १९१२ मध्ये कॅनडातील क्लबमुळे तो आंतरराष्ट्रीय ठरला आणि १९२२ पासून 'रोटरी इंटरनॅशनल' हे नाव रूढ झाले. आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये कायमस्वरूपी निधीची कल्पना मांडली. त्यात आलेली पहिली रक्कम होती साडेसव्वीस डॉलर. त्याच निधीची पुढे रोटरी फाउंडेशन झाली. सदस्यांपुढे ठेवली जाणारी 'चतुर्विध कसोटी' मात्र एका बुडत्या कंपनीतून आली. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये शिकागोतली भांड्यांची कंपनी सावरताना स्वतःसाठी चार प्रश्न लिहिले : बोलतो ते खरे आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव वाढेल का, सगळ्यांचे त्यात हित आहे का. रोटरीने ते १९४३ मध्ये स्वीकारले.

भारतात आणि महाराष्ट्रात

भारतातला पहिला क्लब कोलकात्याचा. त्याची सनद १ जानेवारी १९२० ची. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली. आज महाराष्ट्रातले क्लब अनेक प्रांतांत विभागलेले आहेत, आणि या प्रांतांच्या सीमा सरकारी नकाशाप्रमाणे चालत नाहीत. कोल्हापूर, गोवा आणि बेळगाव एकाच प्रांतात, क्रमांक ३१७० मध्ये येतात. प्रांताच्या प्रमुखाला, म्हणजे डिस्ट्रिक्ट गव्हर्नरला, मराठी वर्तमानपत्रे 'प्रांतपाल' म्हणतात. आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदावर कोलकात्याचे नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये पोहोचले. पुढे राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता हे भारतीय त्या पदावर आले.

इथे एका योगायोगाची आठवण होते. रोटरी ज्या वर्षी शिकागोत सुरू झाली, त्याच १९०५ सालच्या १२ जूनला गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला. तिथल्या सेवकाने तुटपुंज्या मानधनावर सारे आयुष्य देशकार्याला वाहायचे, अशी शपथ होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली तीही याच परंपरेतून. रोटरीची मागणी यापेक्षा पुष्कळ लहान आहे : दवाखाना, दुकान, वकिली सांभाळून आठवड्याचे काही तास. ती लहान आहे म्हणूनच ज्याला संसार सोडता येत नाही अशा माणसालाही सेवेचे दार उघडे राहते. या दोन वाटांत उच्च-नीच ठरवणे बरोबर नाही.

साप्ताहिक बैठक

बैठकीची सुरुवात अध्यक्ष घंटेवर टोल देऊन करतात. अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर असते; तिच्यावर आधीच्या अध्यक्षांची नावे पट्ट्यापट्ट्यांनी लावलेली असतात. शिस्त सांभाळणारा तो 'सार्जंट'. सदस्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस वाचले जातात, पाहुण्याची ओळख होते, वीस-पंचवीस मिनिटांचे व्याख्यान होते, सचिव सूचना सांगतात आणि पुन्हा टोल पडतो. सदस्याच्या पत्नीला 'ॲन' आणि मुलांना 'ॲनेट' म्हणण्याची पद्धत आपल्याकडच्या क्लबांत अजून आहे. १९१४ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या गाडीतल्या एका सदस्यपत्नीचे नाव ॲन होते आणि ह्यूस्टनला भेटलेल्या दुसरीचेही तेच, त्यावरून ती पडली. परगावी गेलेला सदस्य तिथल्या क्लबात जाऊन बसला की त्याची हजेरी भरून निघे. याला 'मेकअप' म्हणतात. अनोळखी गावात एका टेबलाशी आपली खुर्ची असणे ही हॅरिस यांच्या मूळ कल्पनेची सर्वांत सुंदर फळे देणारी सोय.

बाहेरून पाहणाऱ्याला यात औपचारिकपणाच दिसतो. पण दर आठवड्याला तेच चाळीस चेहरे दिसत राहिले की भूलतज्ज्ञाला कळते की ट्रॅक्टरच्या डीलरकडे रविवारी रिकामा टेम्पो असतो, आणि डीलरला कळते की कोपऱ्यात गप्प बसणारे बँकेतले गृहस्थ हिशेब पैशापर्यंत जुळवतात. शिबिर ठरले की मग पत्रे लिहावी लागत नाहीत. 'डॉक्टरसाहेब, रविवारी तुम्ही आहात ना?' एवढ्यावर काम होते. घरात आजारपण किंवा मर्तिक झाले, तर हीच माणसे दारात दिसतात. सेवेचा पाया फेलोशिप आहे असे जे म्हणतात, त्याचा व्यवहारातला अर्थ हा आहे.

हाताने केलेले काम

मोतीबिंदू शिबिर हा महाराष्ट्रातल्या क्लबांचा जुना आणि हातखंडा उपक्रम. खेड्यातल्या शाळेत तपासणी होते, निवडलेल्या रुग्णांना गाडीने रुग्णालयात आणले जाते, साखर आणि रक्तदाब पाहून दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होते. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया करायची त्याच्या वर कपाळावर चिकटपट्टी लावतात, म्हणजे घोटाळा होत नाही. डॉक्टरांचे काम डॉक्टर करतात. स्वयंसेवकाचे काम वेगळेच असते. म्हातारीला वय विचारावे तर ती 'मोठ्या दुष्काळात थोरला रांगत होता' असे सांगते आणि त्यावरून फॉर्मवर आकडा लिहायचा असतो. रात्री डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजोबांना कोपराला धरून संडासापर्यंत न्यायचे असते, बाहेर उभे राहायचे असते आणि पुन्हा त्यांच्याच खाटेवर आणून बसवायचे असते. शिबिराची खरी परीक्षा मात्र नंतर होते. आठवड्याने आणि महिन्याने फेरतपासणीसाठी गाडी पुन्हा त्याच गावात गेली की नाही, थेंबांची बाटली संपल्यावर दुसरी मिळाली की नाही, यावरून क्लब ओळखावा. उद्घाटनाच्या फोटोवरून नव्हे.

वनराई बंधारा हे दुसरे उदाहरण. पावसाळा संपला, ओढ्याला अजून पाणी वाहते आहे, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दिवसांत सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती वाळू-मातीने भरायची, सुतळीने तोंड शिवायचे आणि विटांचे सांधे चुकवतात तशी थरावर थर रचायची. फटी चिखलाने बुजवायच्या. गावकरी, शाळेची मुले आणि शहरातून आलेले सदस्य हातोहात पोती पुढे देतात. दोन-तीन तासांत सर्जनच्या तळहाताला फोड येतात आणि दुपारी काठावरच पिठले-भाकरी होते. मागे अडलेले पाणी काही आठवडे टिकते, जवळच्या विहिरींना पाझर मिळतो आणि हरभऱ्याला एखादे पाणी जास्त देता येते. पुढच्या पावसात तो बंधारा वाहून जातो. म्हणून दर वर्षी यावे लागते, आणि दर वर्षी आल्यानेच त्या गावाशी नाते जुळते.

पोलिओ

रोटरीच्या नावावरचे सर्वांत मोठे काम म्हणजे पोलिओ निर्मूलन. १९७९ मध्ये फिलिपाइन्समधील बालकांच्या लसीकरणापासून सुरुवात झाली, १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' मोहीम जाहीर झाली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व इतरांसह जागतिक निर्मूलन कार्यक्रम आकाराला आला. त्या सुमारास जगात १२५ देशांत दर वर्षी सुमारे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. भारतात १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. लस सरकारची, यंत्रणा सरकारी. रोटेरियन गाडी, छत्री-खुर्च्या, जेवणाचे डबे आणि हात पुरवत. बर्फाच्या पेटीतून बाटली काढायची, तिच्यावरच्या वर्तुळातला चौकोन अजून फिका आहे ना, म्हणजे लस उष्णतेने बिघडलेली नाही ना, हे पाहायचे, तोंडात दोन थेंब टाकायचे आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायची. अवघड होते ते बंद दारापुढे उभे राहणे. उत्तर प्रदेशात लसीबद्दलच्या शंका फिटाव्यात म्हणून रोटरीने उलेमांची, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची, समिती जमवली. २०१० मध्ये आपल्या मालेगावातही रुग्ण सापडले होते.

भारतात २००९ मध्ये ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

स्त्रियांचा प्रवेश

मैत्रीचा एवढा गौरव करणाऱ्या रोटरीने आठ दशके स्त्रियांना सदस्यत्व दिले नाही, ही तिच्या इतिहासातली मोठी उणीव. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने स्त्रियांना घेतले म्हणून त्याची सनद काढून घेण्यात आली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ मे १९८७ रोजी निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. १९८९ मध्ये जगभर दार उघडले. कॅनडाच्या जेनिफर जोन्स २०२२-२३ मध्ये पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याआधीही स्त्रिया कामात होत्याच : सदस्यपत्नींची इनर व्हील ही संघटना १९२४ मध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी सुरू केली.

भावंड संस्था

मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या लायन्स क्लबांना हेलन केलर यांनी १९२५ मध्ये अंधांसाठी काम करण्याची हाक दिली. मिरजेच्या लायन्स नॅब नेत्र रुग्णालयापर्यंत ती पोहोचलेली दिसते. जायंट्स ही संस्था मात्र इथलीच. नाना चुडासामा यांनी ती १९७२ मध्ये मुंबईत स्थापली.

उणिवा आणि बदल

अध्यक्षाची मुदत १ जुलै ते ३० जून. त्यामुळे कोणी खुर्चीला चिकटत नाही, हा मोठा गुण. पण प्रत्येक नव्या अध्यक्षाला स्वतःचा प्रकल्प हवा असतो आणि मागच्या वर्षी शाळेला दिलेले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र फिल्टर न बदलल्यामुळे कोपऱ्यात धूळ खात पडते. वर्गणी आणि जेवणखर्च भागवता न आल्याने शिक्षक, कारागीर, छोटा दुकानदार बाहेर राहतो, आणि क्लब गावाचा न राहता गावातल्या काहींचा होतो. ज्या क्लबांनी देखभालीची जबाबदारी तीन-तीन वर्षांसाठी एकाच सदस्याकडे सोपवली आणि जेवण साधे केले, त्यांचे काम वेगळे उठून दिसते.

२०१६ पासून दर आठवड्याऐवजी महिन्यातून किमान दोन बैठकांची मुभा मिळाली आहे. नोकरदार तरुणांना ती सोयीची वाटते. जुन्या सदस्यांपैकी पुष्कळ जण मात्र बैठक नसलेल्या आठवड्यातही त्याच वारी, त्याच वेळी कुठेतरी चहाला जमतात.