खोल श्वास घेऊ नका, हळू सोडा

मागच्या मे महिन्यात माझ्या भाचीचं जबड्याचं ऑपरेशन झालं. खालचा जबडा पुढे आलेला, समोरचे वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचेच नाहीत, साधा समोसा तोडायचा तरी बाजूच्या दाढांनी, असं शाळेपासून चाललेलं. दीड वर्ष ब्रेसेस लावून झाल्या, तारीख मिळाली, आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या रात्री पोरगी रडायला लागली. नागपूरचा मे, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, कूलरच्या घरघराटात घरातले सगळे तिच्याभोवती बसून एकच सांगत होते, खोल श्वास घे बाळा, खोल श्वास घे. ती बिचारी ऐकत होती, छाती भरून भरून, भराभर. दहा मिनिटांनी म्हणाली, "मावशी, ओठाला मुंग्या येऊन राहिल्या, बोटंही बधिर होऊन राहिली, मला काहीतरी होऊन राहिलं."

ऑपरेशननंतर खालचा ओठ काही दिवस बधिर राहील हे सर्जननी तिला सांगितलेलं होतं, त्यामुळे ती आणखीच घाबरली, की हे आत्तापासूनच काऊन सुरू झालं.

तिला काहीच झालेलं नव्हतं, ते आमच्या सल्ल्याने झालं होतं. भराभर खोल श्वास घेतला की ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला ऑक्सिजन आधीच जवळजवळ भरलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभस बाहेर जातो. तो कमी झाला की रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं, आणि मोकळं कॅल्शियम घटलं की नसा विनाकारण करंट सोडायला लागतात, त्याच त्या मुंग्या. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. म्हणजे घाबरलेल्या माणसाला "खोल श्वास घे" सांगून आपण त्याला घाबरण्याची आणखी दोन-तीन लक्षणं देतो. हा सल्ला इतका घरोघरी आहे की मला त्याबद्दल लिहावंसंच वाटलं. श्वासाचा उपयोग आहे, खूप आहे, पण तो घेण्यात कमी आणि सोडण्यात जास्त आहे.

त्याआधी भीतीबद्दल थोडं. जबड्याच्या ऑपरेशनची भीती इतर ऑपरेशनपेक्षा वेगळी असते, कारण चेहरा बदलणार असतो, तोंडानेच खायचं-बोलायचं असतं, आणि ऑपरेशननंतर दात रबराने बांधलेले असताना श्वास कसा घ्यायचा हा प्रश्न रात्री दोन वाजता फार मोठा वाटतो. त्यात आपल्या विदर्भात जबड्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा येतो. शेजारच्या काकूंनी तिच्यासमोरच विचारलं, "अगं बाई, एवढ्या पोरीला कॅन्सर?" काकू वाईट नाहीत, त्यांच्या घरात ते घडून गेलंय. पण हे ऑपरेशन वेगळं. यात काही काढून टाकत नाहीत, तोंडाच्या आतून हाड ठरलेल्या रेषेत कापतात, सरकवतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून, पुस्तकाची दोन पानं एकमेकांवरून सरकवावी तसा मागे-पुढे करायची पद्धत ऑस्ट्रियाच्या ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५० च्या दशकात बसवली, आजही जगभर तीच वापरतात, अर्थात सुधारणा होत गेल्या.

आणि भुलीची भीती असेल तर हे सांगते, १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये लोकांसमोर ईथर देऊन जे पहिलं गाजलेलं ऑपरेशन झालं, ते जबड्याखालच्या गाठीचंच होतं. त्याआधी असल्या गाठी माणूस शुद्धीत असतानाच कापायचे.

माहिती नसली की भीती किती वाढते हे मोजून पाहिलेलं आहे. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी लोकांना कॉम्प्युटरवर दगड उलटायला लावले, खाली साप निघाला की हाताला दुखेल असा शॉक. शॉक नक्की बसणार हे माहीत असताना लोक जेवढे ताणात होते त्यापेक्षा जास्त ताण तेव्हा होता, जेव्हा शक्यता पन्नास टक्के होती. तेव्हा घरच्यांनी "तू विचारच करू नको" म्हणण्यापेक्षा तिला विचार करू द्यावा, प्रश्न कागदावर लिहायला लावावेत आणि ते सर्जनला, भुलीच्या डॉक्टरांना विचारावेत. भाचीच्या वहीत अकरा प्रश्न होते. पहिलाच होता, भुलीत श्वासासाठी घालतात ती नळी नाकातून का? उत्तर सोपं आहे, मध्येच दात मिटवून जबडा बरोबर बसला का बघावं लागतं, तोंडात नळी असली तर दात मिटणार कसे. हे कळल्यावर तिची नाकातल्या नळीची भीती निम्मी झाली, मी समोर बसून पाहिलं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते, थोडं सावकाश वाचा.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी शोधा आणि शांत बसून हळू श्वास घ्या-सोडा. तरुण माणसाच्या नाडीत हे स्पष्ट कळतं, की श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना लांब लांब जातात. हा दोष नाही, निरोगी हृदयाचं लक्षण आहे. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर घरी असेल तर त्यावर हे नीट दिसत नाही, कारण तो काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतो, बोटालाच बरोबर कळतं.

हे का होतं? हृदयाला ठोके द्यायला मेंदूची गरज नाही, उजव्या कप्प्याच्या वरच्या भागात पेशींचा एक पुंजका आहे, तो स्वतःच ठोके देतो, आणि त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. मग आपली नाडी बसल्याजागी सत्तर का? कारण मेंदूच्या देठातून निघून मानेतून खाली उतरणारी वेगस नावाची नस सतत त्याच्यावर ब्रेक दाबून असते. ज्यांचं हृदय बदललेलं असतं त्यांच्यात ही नस कापली जाते, म्हणून त्यांची नाडी आरामातही नव्वद ते एकशेदहाच्या आसपास राहते. म्हणजे आपण रात्रंदिवस ब्रेक दाबून गाडी चालवतोय, आणि श्वास आत घेतला की मेंदूतलं श्वासाचं केंद्र तो ब्रेक जरा सैल करतं, सोडला की परत दाबतं. सोडणं लांबवलं की ब्रेक जास्त वेळ दाबलेला राहतो.

हा ब्रेक दाबतो कशाने, तर एका रसायनाने, आणि ते कसं सापडलं ती गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते, ते स्वतः सांगायचे की हा प्रयोग त्यांना स्वप्नात सुचला, रात्री उठून चिठ्ठीवर लिहिला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं तेव्हा मात्र ते सरळ उठून लॅबमध्ये गेले. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही धडधडणारी, एकाला वेगस जोडलेली. वेगसला करंट दिला, पहिलं हृदय मंदावलं. त्याच्यातलं पाणी दुसऱ्या हृदयात सोडलं, ज्याला नस जोडलेलीच नव्हती, तर तेही मंदावलं! म्हणजे नस नुसती वीज पोचवत नाही, काहीतरी सांडते. १९२१ साली त्यांनी हे छापलं आणि १९३६ साली हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन.

हे असेटिलकोलीन हृदयाच्या त्या पुंजक्यावरच्या एम-टू रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखणाऱ्या पेशीवरच्या कुलपाला, चिकटतं, तिथलं निरोप पोचवणारं एक जी-प्रोटीन सुटं होऊन त्याचा एक तुकडा शेजारच्या पोटॅशियमच्या चॅनलला, म्हणजे पेशीच्या भिंतीतल्या दाराला, जाऊन भिडतो, चॅनल उघडतं, पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर पडतात, पेशीच्या आत ऋण भार वाढतो आणि पुढच्या ठोक्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला पेशीला वेळ लागतो. मध्ये लांबलचक साखळी नाही, म्हणून परिणाम एका ठोक्याच्या आत दिसतो, आणि असेटिलकोलीन तोडणारं एन्झाइम तिथेच असल्यामुळे तो लगेच ओसरतोही. उलट भीतीची बाजू, म्हणजे सिम्पथेटिक नसा आणि अ‍ॅड्रेनलिन, पेशीत आधी सायक्लिक एएमपी नावाचं निरोप पोचवणारं रसायन बनवतं, मग ते पुढे काम करतं, त्यामुळे तिला सुरू व्हायला काही सेकंद आणि ओसरायला त्याहून जास्त वेळ लागतो. आपल्याला काम करायला जागा मिळते ती याच फरकामुळे. अ‍ॅड्रेनलिनला तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, पण ब्रेक श्वासागणिक हातात येतो.

आपल्याकडे महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन असतं आणि ते याच रिसेप्टरवर असेटिलकोलीनची जागा अडवून बसतं, म्हणून धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्या माणसाची नाडी सुसाट पळते, तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात (जीवही जाऊ शकतो, कोणीही करून बघू नका). आणि हेच अ‍ॅट्रोपिन मोजक्या डोसमध्ये भुलीच्या डॉक्टरांच्या हाताशी असतं, त्याचा जबड्याशी थेट संबंध आहे. चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस आणि वेगस यांची मेंदूत ओळख आहे, वरचा जबडा सैल करताना कधीकधी ताण बसून वेगस जोरात ब्रेक दाबते आणि ठोके एकदम कमी होतात. मॉनिटरवर ते लगेच दिसतं, सर्जन हात थांबवतात, बहुतेक वेळा तेवढ्यानेच ठोके परत येतात, नाहीतर अ‍ॅट्रोपिन आहे.

अजून एक दुवा गळ्यातच आहे. जबड्याच्या कोनाखाली मानेत कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात, तिथे रक्तदाब मोजणारे सेन्सर आहेत. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि वेगस ब्रेक दाबते, या सगळ्या चक्राला साधारण दहा सेकंद लागतात. म्हणून मिनिटाला सहा श्वास घेतले तर श्वासाची लाट आणि रक्तदाबाची लाट एकमेकींवर बसतात, झोक्याला बरोबर वेळी धक्का द्यावा तशा. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांवर पाहिलं की लॅटिनमधली रोझरी, म्हणजे कॅथलिक लोकांचा माळेवरचा जप, म्हटली काय किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' म्हटलं काय, श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आमच्या आईला जप केल्यावर बरं वाटतं ते खरंच वाटतं, पण ते काम लयीचं आहे, अमुकच मंत्राचं नाही, हे मी तिला प्रेमाने सांगत असते.

तसंच रील्सवर हल्ली "३० सेकंदात वेगस रीसेट" चालू आहे, कोणी मान चोळायला सांगतं, कोणी कानाला लावायचं मशीन विकतं. वेगस काही मोबाईल नाही रीसेट करायला. आणि मानेत कॅरोटिडवर दाबणं तर धोक्याचं, चक्कर येऊन माणूस पडू शकतो, वयस्कर माणसाला त्याहून वाईट होऊ शकतं. मान चोळू नका.

तर त्या रात्री मी भाचीला एवढंच करायला लावलं. तोंड मिटून नाकाने आरामात चार मोजेपर्यंत श्वास आत, पोट भरल्यासारखा फुगवायचा नाही, आणि सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. तिचंच बोट तिच्या नाडीवर. पहिली दोन मिनिटं काही नाही, मग म्हणाली, "मावशी, थांबून थांबून पडून राहिले ठोके." मुंग्या तोवर गेल्याच होत्या. याने भीती संपत नाही, शरीराचा गोंधळ खाली बसतो आणि मग वहीतले प्रश्न वाचता येतात. ज्यांना आधीपासून पॅनिक अटॅक येतात किंवा रात्रीच्या रात्री झोप नाही, त्यांनी भुलीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, आधी द्यायची औषधं असतात, त्यात कमीपणा काही नाही. खर्रा, सिगारेट, घरचा काढा, काहीही सुरू असेल तर तेही लपवू नका, खर्ऱ्याने तोंड कमी उघडत असेल तर नळी टाकण्याचं सगळं नियोजनच बदलतं.

नाकाने हळू श्वासाची सवय पुढेही कामाला येते, कारण ऑपरेशननंतर दात रबराने धरलेले, नाक चोंदलेलं, आणि घाबरून जोरात ओढलं की आणखीच कोंडल्यासारखं वाटतं. हळू घेतला तर पुरतो. दातांच्या फटीतूनही हवा येते.

ऑपरेशनच्या दिवशी अमावस्या होती. तारीख बदला म्हणून दोन नातेवाइकांचे फोन आले. दातांच्या त्या वेळच्या स्थितीवर बेतून प्लास्टिकचा स्प्लिंट, म्हणजे जबडा बरोबर जागी बसवायचा साचा, बनवलेला असतो, ऑपरेशन थिएटर, भुलीचे डॉक्टर, सगळं जुळवलेलं असतं, चंद्राचा त्यात काही संबंध नाही, मी फोनवर तसं सांगितलं. पण सकाळी सहाला आई स्टीलच्या डबीत दही-साखर घेऊन आली तेव्हा मात्र मला जड गेलं. भुलीत गळ्याचे रिफ्लेक्स झोपतात, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं, म्हणून जड नाही असं खाणं आणि दूधदुभतं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, तेही डॉक्टर सांगतील तसंच. बोटभर दहीसुद्धा नाही. आईने ऐकून घेतलं, डबीचं झाकण लावलं, आणि नातीच्या गालांवरून, जबड्यावरून दोन्ही हात फिरवले. पोरगी स्ट्रेचरवर आडवी होती, डोळे मिटलेले, बोट नाडीवर.

तिसऱ्या दिवशी चेहरा सर्वात जास्त सुजला होता, मग उतरायला लागला. खालच्या ओठाची संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते, हाड सरकवताना ती ताणली जाते म्हणून ओठ-हनुवटी बधिर होती. सहाव्या आठवड्यात फोन आला, तूरडाळीचं पातळ वरण पिऊन झालं होतं, म्हणाली, "मावशी, ओठाला परत मुंग्या येऊन राहिल्या." या मुंग्या वेगळ्या, नस जागी होत असली की येतात. मी तिला पेनाने हनुवटीवर हद्द आखून फोटो काढायला सांगितलं, दर रविवारी एक. आत्तापर्यंत बधिर भाग डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा उरलाय.