मेगा मॅन बॅटल नेटवर्क

कॅपकॉम या जपानी कंपनीने गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी काढलेली रोल-प्लेइंग (आरपीजी) गेममालिका. जपानमध्ये ती ‘रॉकमॅन एग्झे’ या नावाने ओळखली जाते. मुख्य भाग सहा आहेत. पहिला भाग २१ मार्च २००१ रोजी, म्हणजे कन्सोल जपानी बाजारात आला त्याच दिवशी प्रसिद्ध झाला, तर सहावा नोव्हेंबर २००५ मध्ये. निर्माते केजी इनाफुने. पहिल्या भागाचे दिग्दर्शक मासाहिरो यासुमा. पत्त्यांच्या खेळासारखी आधी जुळवाजुळव आणि मग सेकंदासेकंदाला हलणारी लढाई, या दोहोंची सांगड हे मालिकेचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

कथानक भविष्यकालीन समाजात घडते. घरातली शेगडीसुद्धा नेटवर्कला जोडलेली आहे आणि प्रत्येकाच्या हातात पेट नावाचे छोटे यंत्र आहे. लॅन हिकारी हा शाळकरी मुलगा आपल्या यंत्रातील मेगामॅन या ‘नॅव्ही’ला, म्हणजे डिजिटल साथीदाराला, नेटवर्कमध्ये उतरवतो आणि तिथले व्हायरस नष्ट करतो. बाहेरच्या जगातील हिंडणे-फिरणे, संवाद, कोडी हा भाग इतर आरपीजींसारखाच आहे. त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही.

लढाईचे मैदान तीन ओळी आणि सहा रकाने अशा १८ पॅनेलांचे असते. डावीकडची नऊ पॅनेल खेळाडूची, उजवीकडची नऊ शत्रूची. सामान्यतः कोणालाही दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवता येत नाही. कन्सोलचा पडदा २४० गुणिले १६० पिक्सेलांचा. सहा रकाने प्रत्येकी ४० पिक्सेलांचे धरले की पडद्याची रुंदी बरोबर भरते, त्यामुळे चित्र सरकवावे लागत नाही आणि शत्रू कधीच नजरेआड जात नाही. पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्यामागे दिवाही नव्हता. अशा अंधूक, लहान पडद्यावर मुक्त हालचालीची लढाई वाचणे अवघड गेले असते. पॅनेलांमुळे अंतर मोजून सांगता येते. नेम धरणे म्हणजे शत्रूच्या ओळीत येणे, एवढेच उरते.

सुरुवातीला खेळाडूची जीवनशक्ती १०० असते आणि बी बटणावरच्या बस्टर या हाताच्या तोफेच्या एका गोळीने शत्रूचे फक्त १ अंकाचे नुकसान होते. पहिला शत्रू मेटॉर, पिवळ्या शिरस्त्राणाचा. त्याची जीवनशक्ती ४०. तो वरखाली सरकत खेळाडूच्या ओळीत येतो, कुदळ उचलतो आणि जमिनीवर आपटतो. त्यातून निघालेली लाट त्या ओळीतून पॅनेलमागून पॅनेल पुढे येते. नवखा खेळाडू त्याच ओळीत उभा राहून बस्टर मारत बसतो आणि लाटेखाली सापडतो. योग्य रीत अशी : कुदळ वर गेली की एक ओळ सरकायचे, लाट पुढून निघून गेली की परत यायचे आणि कॅनन ही चिप, म्हणजे पत्त्यासारखे निवडून वापरायचे शस्त्र, वापरायची. कॅननचा मार नेमका ४०, म्हणजे एका फटक्यात काम तमाम. तीन मेटॉर एकदम समोर आले तरी ते आळीपाळीने हलतात, एकदम नाही. हे ध्यानात आले की पहिली भीती जाते.

चिप मात्र हव्या तेव्हा मिळत नाहीत. खेळाडूने आधी ३० चिपांचे ‘फोल्डर’ लावलेले असते. लढाईच्या प्रारंभी त्यातल्या पाच चिप चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पुढे येतात आणि निवड चालू असेपर्यंत काळ थांबलेला असतो. प्रत्येक चिपला एका इंग्रजी अक्षराचा कोड असतो. एका वेळी निवडायच्या चिप एकतर एकाच नावाच्या हव्यात किंवा एकाच कोडच्या. निवडलेल्या चिप ए बटणाने निवडीच्या क्रमानेच सुटतात. म्हणून मार वाढवणारी चिप आधी आणि कॅनन नंतर निवडली, तर वाढ वाया जाते. ती जिला लावायची तिच्या लगेच मागे निवडावी लागते. निवड संपली की पडद्याच्या वरच्या कडेला ‘कस्टम गेज’ (वेळ मोजणारी पट्टी) भरू लागतो. तो भरल्यावर एल किंवा आर बटण दाबून पुन्हा निवड करता येते, पण करायलाच हवी अशी सक्ती नाही. शत्रूचा वार अंगावर येत असताना नेमके बटण दाबून काळ थांबवणे हीसुद्धा एक चाल आहे, मात्र निवड संपताच तो वार जिथल्या तिथे असतो.

या गेजचे मूळ कोणते, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. एक मत असे की, हे स्क्वेअर कंपनीच्या ‘ॲक्टिव्ह टाइम बॅटल’ पद्धतीचे अपत्य आहे. ती पद्धत हिरोयुकी इतो यांनी जुलै १९९१ मधील ‘फायनल फँटसी ४’साठी रचली आणि तिचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मंजूर झाले. तिच्यातही पाळी घड्याळावर येते, आणि पुढील भागांत भरत जाणारी पट्टी पडद्यावर दिसू लागली. दुसरे मत पत्त्यांच्या खेळांकडे बोट दाखवते : १९९३ मधील ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आणि १९९६ मधील पोकेमॉनचे पत्ते. ३० चिपांचे फोल्डर, हातात येणारी पाने, एकाच चिपच्या प्रतींवरील मर्यादा, मित्राशी अदलाबदल हे सगळे तिथून आले, असे या पक्षाचे म्हणणे. तिसरा पक्ष मालिकेला मूळ ‘मेगा मॅन’ या १९८७ पासूनच्या ॲक्शन गेमांचीच आडवी पसरलेली शाखा मानतो. बस्टर, पराभूत शत्रूचे शस्त्र आपल्याला मिळणे आणि वैऱ्यांच्या ठरलेल्या हालचाली पाठ करणे हा वारसा तर उघडच आहे.

पत्त्यांचा प्रभाव कोणीच नाकारत नाही. वाद आहे तो गेजचा. पट्टी दिसायला इतोंच्या पद्धतीसारखी असली तरी काम उलटे करते. तिथे पट्टी भरेपर्यंत पात्र हातावर हात ठेवून उभे असते आणि भरल्यावर वार करते. इथे पट्टी भरत असतानाच सगळी लढाई होते, आणि भरल्यावर मिळतो तो विचार करायचा अवकाश. त्यामुळे रूप ॲक्टिव्ह टाइम बॅटलचे आणि व्यवहार पत्त्यांच्या डावाचा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. कॅपकॉमने मालिकेच्या प्रकाराला जपानीत ‘डेटा ॲक्शन आरपीजी’ असे नाव दिले होते. त्यातून या वादाचा निकाल लागत नाही, पण ‘ॲक्शन’ आणि ‘डेटा’ या दोन्ही बाजू कर्त्यांच्या मनात होत्या एवढे दिसते.

फोल्डर लावणे हा खरा अभ्यासाचा विषय. नवे खेळाडू सर्वांत जोरदार ३० चिप गोळा करतात, आणि कोड न जुळल्यामुळे प्रत्येक पाळीला एकच चिप घेऊन उतरतात. हिशेब सरळ आहे. ३० पैकी ६ चिप एका कोडच्या असतील, तर पहिल्या पाचांत त्यातल्या किमान दोन येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के. तशा १० चिप ठेवल्या की ती ५५ टक्के होते, आणि १५ ठेवल्या की जवळजवळ ८४. म्हणून दोन, फार तर तीन कोडांभोवती फोल्डर बांधावे. दुसऱ्या भागापासून कोणत्याही कोडशी जुळणारा तारांकित कोड आला. एकाच चिपच्या प्रती पहिल्या भागात दहापर्यंत चालत. ही मर्यादा दुसऱ्यात पाचवर आणि तिसऱ्यात चारवर आली. तिसऱ्या भागात ‘मेगा’ वर्गाच्या चिप पाच आणि ‘गिगा’ वर्गाची एकच, असेही बंधन आले. एकच हुकमी चिप भरून सगळ्या लढाया मारून नेण्याची पहिल्या भागातली सोय त्यामुळे बंद झाली.

ठरावीक चिप ठरावीक क्रमाने निवडल्या की त्या एकत्र होऊन ‘प्रोग्रॅम ॲडव्हान्स’ तयार होतो. सोर्ड, वाइड सोर्ड आणि लाँग सोर्ड या तिन्ही एका कोडच्या घेतल्या तर पुढचे दोन रकाने आणि तीन ओळी कापणारी एकच तलवार मिळते. तिसऱ्या भागात तिचा मार ४०० आहे. सुट्या तिघींचा मिळून २४०. पण तिन्हींची एकेकच प्रत फोल्डरमध्ये असेल, तर त्या पहिल्याच हातात एकत्र येण्याची शक्यता ४०६ मध्ये एक. दुसऱ्या भागापासून ‘रेग्युलर’ म्हणून एक चिप पहिल्या हातात हमखास आणता येते. तिघींपैकी एक तशी लावली की हेच प्रमाण ६८ मध्ये एकाच्या आसपास येते. पहिल्या भागात ‘ॲड’ निवडून एक पाळी चिपांविना काढली, तर पुढल्या वेळी दहा चिप दिसतात. साध्या व्हायरसांपुढे हा त्याग परवडतो, म्होरक्या नॅव्हीपुढे क्वचितच.

तलवारींची खोट ही की त्यांचा आवाका तोकडा असतो : सोर्ड समोरचे एकच पॅनेल कापते, वाइड सोर्ड समोरच्या रकान्यातली उभी तीन, लाँग सोर्ड ओळीतली पुढची दोन. शत्रू मागच्या रकान्यात राहिला तर वार हवेत जातो. त्यावर उपाय एरिया ग्रॅब. ही चिप शत्रूचा सर्वांत पुढचा रकाना काही काळ खेळाडूच्या हद्दीत आणते, मात्र ज्या पॅनेलवर शत्रू उभा असेल ते हाती लागत नाही. मिनी बॉम्ब नेमका तीन पॅनेल पुढे पडतो, जवळच्यालाही नाही आणि लांबच्यालाही नाही. तडा गेलेल्या पॅनेलवरून पाय काढला की तिथे भोक पडते. मेटॉरची लाट भोक ओलांडत नाही, म्हणून हीच पडझड ढालीसारखी वापरता येते. तत्त्वांचे चक्र असे : आग लाकडाला भारी, लाकूड विजेला, वीज पाण्याला, पाणी आगीला, जुळणी साधली तर मार दुप्पट.

तिसऱ्या भागातील ‘नॅव्ही कस्टमायझर’ म्हणजे चौकटीत रंगीत ठोकळे बसवून मेगामॅनची क्षमता वाढवण्याची सोय. सपाट ठोकळा मधल्या ‘कमांड लाइन’ला टेकलाच पाहिजे, ठिपक्यांचा ठोकळा टेकता कामा नये, एका रंगाचे दोन ठोकळे शेजारी चालत नाहीत आणि चारांहून अधिक रंग भरता येत नाहीत. नियम मोडला तर ‘बग’ येतो : पाऊल आपोआप पडत राहते, जीवनशक्ती झिरपू लागते. अनुभवी खेळाडू काही बग मुद्दाम पत्करतात, कारण मोबदल्यात बसणारा ठोकळा त्या त्रासाहून मोलाचा असतो.

लढाईअखेर १ ते १० आणि त्यावर ‘एस’ असा दर्जा मिळतो. लागलेला वेळ, खाल्लेला मार, केलेली हालचाल आणि एका फटक्यात पाडलेले शत्रू यांवर तो ठरतो. बक्षीस म्हणून कोणती चिप आणि कोणत्या कोडची मिळणार हे या दर्जावर अवलंबून असल्याने सावकाश, सुरक्षित खेळणाऱ्याचे फोल्डर लवकर सुधारत नाही. चौथ्या भागापासून शत्रू वार करण्याच्या नेमक्या क्षणी त्याच्यावर चिप मारली की पुढच्या चिपचा मार दुप्पट होऊ लागला, आणि घाई करणाऱ्याला आणखी एक कारण मिळाले.

तिसऱ्या भागापासून प्रत्येक भाग दोन आवृत्त्यांत निघाला. जपानी दूरचित्रवाणीवर मार्च २००२ पासून ॲनिमे मालिका चालली. २००६ मध्ये निन्टेन्डो डीएसवर ‘स्टार फोर्स’ ही पुढची मालिका आली. तिच्यात दृश्य खेळाडूच्या पाठीमागून दिसते आणि खेळाडू तीनच पॅनेलांवर डावी-उजवीकडे हलतो. पाने आणि तत्काळ लढाई यांचा मेळ ज्युपिटर कंपनीच्या ‘किंगडम हार्ट्‌स : चेन ऑफ मेमरीज’ने २००४ मध्ये याच कन्सोलवर वेगळ्या रीतीने घातला, पॅनेलांचे मैदान मात्र त्यात नाही. तशाच धर्तीचे मैदान २०२० च्या ‘वन स्टेप फ्रॉम ईडन’मध्ये दिसते, मात्र तिथे ते चार ओळी आणि आठ रकान्यांचे आहे आणि निवडीसाठी काळ थांबत नाही. सहाही भागांच्या दहा आवृत्त्या ‘लेगसी कलेक्शन’ या नावाने १४ एप्रिल २०२३ रोजी निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ४ आणि संगणकासाठी दोन खंडांत पुन्हा प्रसिद्ध झाल्या. त्यात ऑनलाइन लढत व चिपांची अदलाबदल आहे, शिवाय बस्टरचा मार शंभरपट करणारी ऐच्छिक सोयही आहे.