वयाचा आकडा आणि झाकलेली माहिती: मराठवाड्यातील लैंगिक शिक्षणामागचा इतिहास

‘आपल्याकडे हे कधी बोललंच जात नव्हतं,’ असं लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला की हमखास म्हटलं जातं. मराठवाड्यात तरी हे खरं नाही. पैठणला, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानात, सातवाहन राजा हालाच्या नावावर माहाराष्ट्री प्राकृतातल्या ७०० गाथा आहेत. तरुण देहाची ओढ त्यांत बिनदिक्कत येते, तीही पुष्कळदा बाईच्या तोंडून.

पुढे देहाची घटना चव्हाट्यावर राहिली आणि तिची माहिती मात्र झाकली गेली. न्हाण आलं, म्हणजे पहिली पाळी आली, की मुलीला मखरात बसवत, ओटी भरत. नेमकं काय झालं, हे तिला सांगायचं कुणी नसे. न्हाणापाठोपाठ गर्भाधानाचा, म्हणजे नवरा-बायकोच्या पहिल्या संबंधाचा, विधी असल्यामुळेच १८९१ चा संमतिवयाचा कायदा इतका पेटला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा १० वरून १२ झाली, आणि १२ च्या आत न्हाण आलं तर विधी मोडतो, असा आक्षेप आला. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, म्हणून टिळकही विरोधात होते. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचं वय मुलीला १४, मुलाला १८ केलं. दोन्ही कायदे ब्रिटिश मुलखापुरते होते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईतल्या या वादाचा इतिहास जसाच्या तसा इथे लावता येत नाही, तो यामुळे.

मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. त्याच आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभं केलं. या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. स्टॅन्ले हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये पौगंडावस्थेला स्वतंत्र टप्पा मानलं; पण तेराव्या वर्षी सून झालेल्या मुलीला तो टप्पा मिळतच नाही. न्हाण आणि लग्न यांच्यामधली वर्षं शाळा-कॉलेजने निर्माण केली, आणि सांगण्याची गरजही तिथूनच उभी राहिली.

हॉलने मात्र या वयाला वादळ ठरवलं होतं. ती भीती टिकली. १९८० च्या शाळांमधल्या लोकसंख्या शिक्षणामागे वाढत्या लोकसंख्येची भीती होती, २००५ च्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमामागे एड्सची. विषय आजारापुरता ठेवला की पालकांना तो आपल्या लेकरांवरचा संशय वाटतो. २००७ मध्ये चित्रं आणि मजकुरावर आक्षेप आले आणि महाराष्ट्रात कार्यक्रम बंद पडला. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा भाग आहे, पण ‘घरी वाचून या’ म्हणत तो संपवला जातो.

वेगळी वाट पैठण तालुक्यातल्या पाचोडने दाखवली. तिथल्या आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकाअखेर गावातल्या मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग सुरू केला. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी एक तास, म्हणजे शेतातून आलेल्या मुलींनाही जमेल अशी वेळ. आरोग्याच्या जोडीला आहार आणि गावचा कारभारही शिकवला. आईबापांना आधीपासून सोबत घेतलं होतं. त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्नं झालेली असतात ते, १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष थोडं वाटेल. बाळंतपणाच्या दृष्टीने ते फार मोठं आहे.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के होत्या, बीडमध्ये सुमारे ४४. राज्यात सुमारे २२. दरम्यान २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने शरीरसंबंधाला संमतीचं वय १८ झालं आणि त्याआतल्या संबंधाची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं. अत्याचार झालेल्या मुलीसाठी ते हवंच. पण सतरा वर्षांची गरोदर मुलगी आरोग्य उपकेंद्रात येते, तेव्हा घरचे नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल या धास्तीने तिचं वय एकोणीस सांगतात. कार्डावर तेच चढतं, आणि कमी वयाची जोखमीची माता म्हणून तिच्यावर ठेवायची नजर राहून जाते.