हुरडा खायला येताना आणि घरी नेताना

नमस्कार. आमच्या शेतावर हुरडा खायला येणाऱ्या आणि आमच्याकडून हुरडा घरी नेणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. बुकिंगच्या फोनवर दर आणि रस्ता सांगण्यातच वेळ जातो, आणि खरं सांगायचं ते राहून जातं. म्हणून ते इथे लिहिलं आहे. गाडीत बसल्यावर एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

तारीख आम्ही आधी पक्की का करत नाही?

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचा कोवळा दाणा. कणसात दाणा भरायला लागला की तो आधी चिकात असतो, नखाने दाबला तर दूध येतं. पुढे दूध आटतं, दाणा फुगतो, रंगाने हिरवाच राहतो, दाबला तर मऊ लागतो आणि चावला तर गोड. ही त्याची वेळ, आणि ती जेमतेम आठवडाभर टिकते. ऊन तापलं तर त्याहून कमी. मग आतल्या साखरेचं पीठ होतं आणि दाणा टणक होतो. त्या दाण्याची भाकरी उत्तम होते, पण हुरडा गेला.

पेरल्यापासून हुरड्यावर यायला साधारण ९० ते १०० दिवस लागतात. सगळं रान एकदम पेरलं तर सगळा हुरडा एकाच आठवड्यात येईल. म्हणून गणपतीच्या सुमारास पहिला तुकडा पेरायचा, आणि मग दर आठ-दहा दिवसांनी पुढचा. तरीही थंडी उशिरा पडली किंवा आभाळ धरून राहिलं की चार दिवस मागेपुढे होतंच. त्यामुळे महिनाभर आधी तुम्ही सांगितलेला रविवार आम्ही लिहून ठेवतो, पण होकार त्या आठवड्यात कणीस हातात घेऊन पाहिल्यावरच देतो. कणीस तयार नसेल तर तसं सांगू आणि पुढची तारीख देऊ. कडक झालेला हुरडा गरम करून वाढणं आम्हाला जमणार नाही.

ज्वारी कोणती?

मुख्यतः गूळभेंडी. तिचा दाणा गोड असतोच, शिवाय भाजल्यावर बोंडातून सहज सुटतो. तोंडात कूस, म्हणजे दाण्यावरचं टोचरं टरफल, येत नाही, हे पहिल्यांदा खाणाऱ्याला फार सुखाचं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेले फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाणही चांगले आहेत, आमचा एक तुकडा त्यांचा असतो. विदर्भातली मंडळी आली की वाणीच्या हुरड्याची चौकशी करतात. तो आमच्याकडे नाही, पण त्यांची आठवण बरोबर आहे, त्याची गोडी वेगळीच. मालदांडी मात्र आम्ही भाकरीसाठीच ठेवतो.

पूर्वी हुरडा कुणी विकत नसे. शेताच्या कडेला गूळभेंडीच्या चार ओळी घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी असत. कुणाचा हुरडा आला की सोयरे, शेजारी, मास्तर सगळ्यांना निरोप जाई. आज आम्ही त्याचे पैसे घेतो, कारण पेरणी, राखण आणि माणसं यांचा खर्च आहे. दाणा भरला की पाखरांचे थवे उतरतात, आणि माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर माणूस बसवावा लागतो. पण बसायची रीत आम्ही तीच ठेवली आहे: आगटीभोवती, म्हणजे भाजायच्या खड्ड्याभोवती, जमिनीवर, एकत्र.

आगटीभोवती

जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. धूर आणि ज्वाळा गेल्या, लाल आर, म्हणजे निखारा, राहिला की त्यात कणसं खुपसायची. ज्वाळेवर भाजलं तर वरून काळं आणि आतून कच्चं राहतं. अधूनमधून फिरवत काही मिनिटांत कणीस भाजून निघतं. ते बाहेर काढून गरम असतानाच हातावर किंवा गोणपाटावर चोळायचं, सुपात घालून पाखडायचं, आणि लगेच समोरच्याच्या हातात द्यायचं. या शेवटच्या ‘लगेच’वर सगळं आहे. निवलेला हुरडा चिवट होतो आणि त्याची गोडी कळेनाशी होते.

म्हणून आम्ही हुरड्याची ताटं भरून टेबलावर मांडत नाही. कणसं थोडी थोडी पडतात, मूठ-मूठ हुरडा येतो, तो संपेपर्यंत पुढचा येतो. मधल्या वेळात गप्पा होतात. दहा-बारा जणांमागे एक आगटी, याहून मोठा गट असेल तर दोन आगट्या करतो. साठ माणसांचं गोल रिंगण केलं तर मागच्याला गार हुरडा मिळतो, आणि मागे नेहमी भिडस्त माणूसच बसतो.

ज्यांना स्वतः चोळून पाहायचं असेल त्यांनी जरूर पाहावं. आमची माणसं शिकवतील. पहिलं कणीस हाताला चटका देतं, तेव्हा अंगठ्या काढून ठेवा आणि गोणपाटावर सुरुवात करा.

सोबत लसणाची, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी असते, घट्ट दही, गूळ, सुकं खोबरं, रेवड्या आणि गोडीशेव. चटण्या तिखट आहेत, दह्यात कालवून घेतल्या तर मुलांनाही चालतात. शेंगदाणा न चालणारं कुणी असेल तर आधी सांगा, वाट्या वेगळ्या ठेवू. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे गहू वर्ज्य असलेल्यांना हुरडा चालतो, पण रेवडी आणि शेवेबद्दल आम्हाला विचारून मगच खा. मधुमेह असेल तर हुरडा कोवळा आणि गोड आहे हे लक्षात ठेवून बेतानेच घ्या.

हरभरा भरला असेल तर त्याच आगटीत हावळाही भाजतो. बोरं, ऊस, पेरू जे त्या दिवशी असेल ते. दुपारी पिठलं, ज्वारीची भाकरी, आगटीतल्या वांग्याचं भरीत, ठेचा आणि ताक. पनीरची भाजी किंवा चायनीज करा अशी विनंती येते, ती आम्ही नम्रपणे नाकारतो. हुरडा खाऊन वर लगेच ढसाढसा पाणी पिऊ नये असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, त्यांचा भर ताकावर असतो. आम्हीही तेच सुचवतो.

येताना वाटेत मिसळ खाऊन येऊ नका. सकाळी नऊच्या आत पोचलात तर उत्तम. कपडे सुती घाला, आगटीजवळ ठिणगी उडते आणि नायलॉनची ओढणी वितळून अंगाला चिकटते. दमा असलेल्यांनी वारा पाठीवर येईल अशी जागा धरावी, आम्हीच ती दाखवू. अगदी लहान मुलांना हुरडा पुन्हा एकदा पाखडून द्या, राहिलेली कूस घशाला टोचते.

घरी मित्रमंडळी जमणार असतील तर

सगळ्यांना शेतावर येणं जमत नाही. कुणाचं मूल तान्हं असतं, कुणाचे आईवडील प्रवास करू शकत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही सकाळी कापून मळलेला कच्चा हुरडा देतो. माणशी १५० ते २०० ग्रॅम धरा. कापल्यापासून गोडी उतरू लागते, म्हणून शक्यतो त्याच संध्याकाळी बेत करा. फ्रीजमध्ये सुती फडक्यात दोन-तीन दिवस राहतो. जास्त दिवस ठेवायचा तर कोरडा करून लहान पिशव्यांतून फ्रीझरमध्ये टाका, आणि वापरताना वितळू न देता थेट तापल्या कढईत घाला.

घरी भाजताना लोखंडी कढई किंवा तवा घ्या. चांगला तापू द्या, हुरडा एका थरात पसरा, मध्यम आचेवर सतत हलवा. झाकण ठेवू नका, वाफेत तो शिजतो आणि भाजल्याचा वास येत नाही. दाण्यावर तांबूस ठिपके आले की उतरवा, मीठ शेवटी. एकदम किलोभर भाजू नका. पाहुण्यांना स्वयंपाकघरातच बोलवा, ओट्याभोवती उभं राहून कढईतून थेट वाट्यांत घेऊ द्या. दिवाणखान्यात नेईपर्यंत तो निवतो. गॅसवर अख्खी कणसं भाजायचा हट्ट मात्र नको, जळलेली कूस बर्नरमध्ये जाऊन बसते.

गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवायची असेल तर उघड्यावरच पेटवा. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत अजिबात नको, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

उरलेल्या हुरड्याची भेळ करा: कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, वरून शेव. किंवा भरड वाटून त्यात थोडं बेसन, हिरवी मिरची, लसूण घालून थालीपीठ लावा. मंडळी रात्री उशिरापर्यंत बसली तर थालीपिठाचीच मागणी जास्त होते.

घरपोच हुरडा फक्त त्याच दिवशी पोचेल अशा गावांना पाठवतो. मागणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा, कारण कापणी पहाटे होते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कणसं पिकतात आणि आम्ही मागणी घेणं थांबवतो. त्यानंतर फोन केलात तर आमच्याकडे नवी ज्वारी मिळेल, पाच किलोपासून पुढे.