झेरॉक्सची रांग आणि फुकटचं काम

इंजिनिअरिंगला असताना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आमची रांग लागायची. एका मुलीच्या वहीवर अर्धा वर्ग पास व्हायचा. पुढे कोड लिहून पोट भरायला लागल्यावर या धंद्याचा इतिहास वाचला, तर तिथेही तीच रांग आणि तीच वही!

‘ओपन सोर्स’, म्हणजे मूळ कोड (सोर्स) सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, म्हटलं की ध्येयवाद, चळवळ वगैरे डोळ्यांपुढे येतं. सुरुवातीला ध्येयबिय काही नव्हतं, नड होती. १९५५ साली लॉस एंजेलिस भागातल्या आयबीएम ७०४ या संगणकाच्या गिऱ्हाइकांनी ‘शेअर’ नावाचा गट काढला. त्यात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या विमान कंपन्या होत्या. पण प्रत्येकाने तेच ते प्रोग्रॅम नव्याने लिहीत बसण्यापेक्षा वाटून घेतलेले बरे, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे पातेल्याबरोबर येणारं झाकण. त्याचे वेगळे पैसे कोण मागणार? ते मागायला सुरुवात होईल, अशी घोषणा आयबीएमने जून १९६९ मध्ये केली.

खरी ठिणगी पडली ती छंदिष्टांच्या जगात. १९७५ साली अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक आला आणि त्यासाठी बिल गेट्स, पॉल अॅलन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते यायचं भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर. कॅलिफोर्नियातल्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’च्या कुणाच्या तरी हाती एक पट्टी लागली, तिच्या प्रती निघाल्या आणि वाटल्या गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या गेट्सने छंदिष्टांना जाहीर पत्र लिहिलं. अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, संगणकाचा वेळच चाळीस हजार डॉलरचा झाला आणि मिळालेल्या पैशांतून आमच्या कष्टांना तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. फुकटात व्यावसायिक दर्जाचं काम करणं कुणाला परवडेल, असा त्याचा सवाल होता.

विशीत असताना मला या पत्रातला गेट्स खलनायक वाटायचा. आता स्वतःची बिलं वसूल करायला गिऱ्हाइकांच्या मागे फिरून चपला झिजल्यावर वाटतं, की सूर कडवट होता, पण प्रश्न रास्त होता. छंदिष्टांनी त्याला उत्तर दिलं ते कोडमधूनच. त्याच वर्षी ली-चेन वांग यांनी छोटं बेसिक लिहून वाटलं आणि वर ‘कॉपीराइट, ऑल राइट्स रिझर्व्ड’ची टर उडवत टेचात टीप टाकली: ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड’. खोडी छान होती. तासाच्या दोन डॉलरचं काय, ते मात्र तसंच राहिलं.

तिकडे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, कथा आणखी मजेशीर. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला १९५६ च्या एका तडजोडीमुळे दुसऱ्या धंद्यात उतरायला मनाई होती. त्यामुळे तिच्या बेल लॅब्समध्ये जन्मलेलं युनिक्स विद्यापीठांना नाममात्र दरात, सोर्ससकट मिळायचं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी वर्गासाठी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स छापला आणि त्यावर भाष्य लिहिलं. दहा हजारांहून कमी ओळींत ऑपरेटिंग सिस्टीमचा अख्खा गाभा! पोथीवर टीका लिहावी तसा हा प्रकार. सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कंपनीने सोर्स वर्गात शिकवायलाच बंदी घातली. मग काय, झेरॉक्स. प्रतीची प्रत, तिचीही प्रत. अक्षरं पुसट होत गेली, पण एका पिढीने ऑपरेटिंग सिस्टीम त्या पुसट पानांवरून शिकून घेतली. पुस्तक उघडपणे बाजारात आलं १९९६ मध्ये.

योगायोग असा की पुढची ठिणगी पडली ती झेरॉक्स कंपनीच्याच यंत्रावरून. एमआयटीच्या प्रयोगशाळेतला नवा लेझर प्रिंटर सारखा अडकायचा. जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी सुधारून घेतला होता. याचा सोर्सच नव्हता. तो ज्याच्याकडे होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने, गुप्ततेचा करार केलाय म्हणून, तोंडावर नकार दिला. अडलेल्याला वही नाकारली, हे स्टॉलमन यांच्या मनाला लागलं. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी सगळ्यांना खुली अशी युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. जी सवय होती तिचं आता तत्त्व झालं, आणि पुढे जीपीएल या परवान्याच्या रूपाने कायद्याच्या भाषेतही उतरलं. हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये ‘नुसता छंद’ म्हणत केलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम त्याच परवान्याखाली वाढली. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

गेट्सचा प्रश्न मात्र आडवा आलाच. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली. निम्म्या जगाचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार ज्याच्या भरवशावर, त्या प्रकल्पावर पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता आणि देणग्या वर्षाला दोनेक हजार डॉलर.

त्याहून वाईट प्रकार मार्च २०२४ मधला. फायली दाबून लहान करणारं एक्सझेड वर्षानुवर्षं एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकलेला, त्यात लोकांचे तगादे. अशात ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. सापडला तो कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं. तो खणत गेला आणि जे सापडलं ते लगेच सगळ्यांसमोर मांडलं. फ्रॉइंड तेव्हा नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये.